बंद दारांचे भय आणि समुपदेशकाची साथ

नवी मुंबईतील खारघर हे सिडकोने सेक्टरांत आखलेले आणि गेल्या काही वर्षांत भराभर उंच वाढलेले उपनगर असल्यामुळे तेथील रहिवाशाला दिवसातून अनेकदा बंद दारांआड जावे लागते. पंधराव्या-विसाव्या मजल्यावरून खाली यायचे तर लिफ्ट लागते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावू लागलेल्या मेट्रोची दारे स्थानक आल्याखेरीज उघडत नाहीत. आणि सेक्टर २२ मधील ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत येणाऱ्या अनेक रुग्णांना तपासणीसाठी एमआरआय यंत्राच्या अरुंद पोकळीत निश्चल पडून राहावे लागते. बहुतेकांना यात फार तर गैरसोय जाणवते. पण ज्यांना बंदिस्त जागेचा भयगंड आहे, त्यांच्या बाबतीत घर कुठे घ्यावे, नोकरी कोणती धरावी आणि आजाराची तपासणी करून घ्यावी की नाही, हे निर्णयसुद्धा त्या भीतीच्या हाती जातात.

भयगंड म्हणजे एखाद्या विशिष्ट वस्तूची, प्राण्याची वा परिस्थितीची अशी भीती, जी प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असते, साधारणपणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकते आणि माणसाच्या दैनंदिन व्यवहारात अडथळा आणते. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरपायथ्याच्या वस्तीत रात्री विजेरी घेऊन, पायाखाली पाहत चालणे हा शहाणपणा आहे. मात्र साप दिसेल म्हणून चार महिने अंगणातच न उतरणे, किंवा सापाचे चित्र असलेले पान उलटताना छाती धडधडणे, हा भयगंड होय. बावीस देशांतील पाहणीच्या आधारे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ७.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा भयगंड झाल्याचे आढळले. त्याची सुरुवात बहुधा बालपणीच होते, आणि म्हणूनच तो स्वभावाचा भाग समजला जाऊन उपचाराविना राहतो.

ही भीती वर्षानुवर्षे का टिकते, याचे उत्तर टाळण्याच्या सवयीत सापडते. लिफ्टची भीती असलेला माणूस जिन्याकडे वळतो तेव्हा त्याला लगेच हायसे वाटते, आणि ही सुटकेची भावनाच त्याच्या मनाला शिकवते की जिना निवडला म्हणून आपण वाचलो. लिफ्टमध्ये गेलो असतो तरी काहीच झाले नसते, हे पडताळून पाहण्याची संधी त्याला कधी मिळतच नाही. या चक्रात घरचे लोकही, केवळ मायेपोटी, सहभागी होतात. कोणी दरवेळी सोबतीला जाते, कोणी परस्पर बाजारहाट उरकते, कोणी लग्नाच्या कार्यालयात आधी चौकशी करते की सभागृह तळमजल्यावर आहे ना. त्या माणसाचा दिवस त्यामुळे निभावतो खरा, पण भीती मात्र घट्ट होत जाते. याच्या उलट, ‘मनाचे खेळ आहेत, एवढं काय घाबरायचं’ असे म्हणून हिणवले, तर तो माणूस आपली भीती लपवू लागतो आणि जिना चढण्याचे कारण विचारले असता व्यायामाचे नाव पुढे करतो. माया आणि टोमणा या दोन्हींचा परिणाम शेवटी एकच होतो, आणि तो म्हणजे भीतीविषयी कोणीच सरळ बोलत नाही.

म्हणूनच समुपदेशकासमोर ती भीती प्रथम उच्चारणे हा उपचाराचा आरंभबिंदू मानावा लागतो. ‘मला लिफ्टची भीती वाटते’ हे वाक्य प्रौढ माणसाला स्वतःच्या कानांनी ऐकणे अवघड जाते, कारण भीती अवाजवी आहे हे त्याला बहुधा ठाऊक असते. त्याची लाज भीतीइतकीच जड असते. जाणकार समुपदेशक या टप्प्यावर ‘काही होणार नाही’ असा दिलासा देण्याची घाई करत नाही, कारण तो दिलासा घरच्यांनी शेकडो वेळा देऊन झालेला असतो. त्याऐवजी तो नेमके प्रश्न विचारतो: दार बंद झाल्यावर काय घडेल असे वाटते, शरीरात पहिली खूण कोणती उमटते, भीती घालवण्यासाठी कोणत्या युक्त्या केल्या जातात, आणि या भीतीपायी आजवर काय काय सोडून द्यावे लागले. या प्रश्नांतून बहुतेक वेळा भीतीच्या मुळाशी एक ठरावीक भाकीत सापडते, उदाहरणार्थ, ‘हवा संपेल आणि मी गुदमरेन.’ लिफ्टची पेटी हवाबंद नसते, ही माहिती येथे उपयोगी पडते; पण भाकीत खोटे ठरल्याचा अनुभव प्रत्यक्ष घेतल्याखेरीज केवळ माहितीने भीती हटत नाही. या संभाषणाच्या गुप्ततेविषयी मनात शंका असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपली माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला असून, अन्य कोणाच्या जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर तसे बंधन घातले आहे, हे लक्षात ठेवावे.

उपचाराची जी पद्धत आज सर्वांत विश्वासार्ह ठरली आहे, तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या बालकाला आवडता खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला, आणि अखेरीस ते मूल सशाला हात लावू लागले. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात याच मार्गाला शिस्तबद्ध रूप दिले, ज्यात शरीर सैलावण्याचे शिक्षण आणि सौम्य ते तीव्र अशी भीतीची उतरंड यांची सांगड होती. अल्बर्ट एलिस यांनी तर एकोणिसाव्या वर्षी स्वतःवरच प्रयोग केला: अनोळखी स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी न्यूयॉर्कमधील वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभरात शंभरांवर स्त्रियांशी संभाषण सुरू केले, आणि नकार मिळाल्याने काही कोसळत नाही हे अनुभवाने जाणले. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, म्हणजे भावनेमागचा अविवेकी विचार शोधून त्याला तर्काने आणि कृतीने आव्हान देण्याची रीत, कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेनेही मानसिक आरोग्याचा विचार मराठी घरांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम केले आहे. मराठी वाचकाला ही भाषा परकी उरलेली नाही, याचे श्रेय या मंडळींना निःसंकोच दिले पाहिजे.

खारघरमध्ये ही उतरंड कशी रचता येईल, हे मेट्रोच्या उदाहरणाने पाहता येते. लोकलच्या उघड्या दारात निर्धास्त उभी राहणारी व्यक्ती मेट्रोच्या मिटलेल्या डब्यात घाबरीघुबरी होऊ शकते, आणि यात कोणतीही विसंगती नाही, कारण तिला प्रवासाचे भय नसून बाहेर पडता न येण्याचे भय असते. समुपदेशक तिला शून्य ते शंभर या मापाने प्रत्येक प्रसंगातील भीती मोजायला सांगतो. उत्सव चौक स्थानकाच्या फलाटावर उभे राहून दोन-तीन गाड्या जाऊ देणे ही पायरी कदाचित वीस गुणांची असेल. सोबत कोणी असताना केंद्रीय विहारपर्यंत एकच स्थानक जाणे चाळीसची, तेच एकट्याने करणे साठची, सेंट्रल पार्कपर्यंत गर्दीच्या वेळी जाणे ऐंशीची आणि पेंधर गाठून परत येणे त्याहून वरची. प्रत्येक पायरीआधी भाकीत लिहून ठेवायचे आणि नंतर घडले काय ते त्याच्याशी ताडून पाहायचे. पूर्वी भीती ओसरेपर्यंत थांबण्यावर सारा भर असे. अलीकडच्या अभ्यासकांना मात्र भाकीत चुकल्याचा धडा अधिक मोलाचा वाटतो, मग त्या वेळी धडधड थोडी उरली तरी चालते. या सरावात लपून बसलेल्या युक्त्याही हळूहळू सोडाव्या लागतात: हातातली पाण्याची बाटली, दारालाच चिकटून उभे राहणे, सतत फोनवर कोणाशी तरी बोलत राहणे. अन्यथा ‘बाटली होती म्हणून निभावले’ असाच निष्कर्ष मनात पक्का होतो.

एका प्रकारात मात्र सैलावण्याचा सल्ला उलटतो, आणि तो सर्वांनी जाणून घ्यावा असा आहे. रक्त, जखम वा इंजेक्शन यांच्या भयगंडात हृदयाची गती आधी वाढते आणि मग एकदम उतरते, रक्तदाब घसरतो व माणूस खरोखरच बेशुद्ध पडू शकतो. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी यासाठी स्नायू ताणण्याचे तंत्र विकसित केले: हात, पाय आणि धड यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, आवळून धरायचे, मग वीस-तीस सेकंद पूर्ववत होऊ द्यायचे आणि हे चार-पाच वेळा करायचे. वारंवार रक्त तपासावे लागणाऱ्या रुग्णाला हे तंत्र फार उपयोगी पडते. एमआरआयच्या भीतीबाबतही तपासणीच्या आधीच तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना सांगणे हिताचे असते, कारण यंत्र अगोदर दाखवणे, हातात संकेताची घंटा देणे किंवा गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने शामक औषध देणे शक्य असते. तातडीच्या एखाद्या तपासणीपुरते असे औषध योग्य ठरते. रोजच्या सरावात मात्र त्यावर विसंबल्यास स्वतःच्या बळावर शिकणे राहून जाते.

उपचारानंतर भीती समूळ नाहीशी होईलच असे कोणीही वचन देऊ नये. दीर्घ आजारपणानंतर किंवा लिफ्ट एखाद्या दिवशी मध्येच अडकल्यानंतर ती पुन्हा डोके वर काढू शकते, आणि तसे झाल्यास उतरंडीच्या खालच्या पायरीपासून सराव पुन्हा सुरू करावा लागतो; दुसऱ्या वेळी तो बहुधा लवकर साधतो. समुपदेशकाची निवड करताना पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: भयगंडावर टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची पद्धत आपण वापरता का, आणि गरज पडल्यास लिफ्टपर्यंत किंवा स्थानकापर्यंत आपण सोबत याल का. केवळ बोलण्यावरच सारी सत्रे खर्च होत असतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचा विचार करावा. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि ते मराठीतही बोलता येते.