शब्द पोहोचावा म्हणून : श्रवणतज्ज्ञाचे कार्य

मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर एखादी आजी म्हणते, “फादर, तुमचा आवाज आला, पण काय बोललात ते उमगले नाही.” आपण वयाला दोष देतो आणि पुढे निघतो. वास्तविक त्या एका वाक्यात आजीने आपली व्याधी अचूक सांगितलेली असते. वाढत्या वयात बहुधा उच्च पट्टीचे ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने याच पट्टीत असतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत. म्हणून आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. अशा व्यक्तीशी ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे आणि तिच्या कानांची तपासणी करवून घ्यावी.

ही तपासणी करणाऱ्या तज्ज्ञास श्रवणतज्ज्ञ अर्थात ऑडिओलॉजिस्ट म्हणतात. कान-नाक-घसा विभागाचे डॉक्टर कानाच्या रोगावर औषधोपचार वा शस्त्रक्रिया करतात. श्रवणतज्ज्ञ ऐकण्याची क्षमता मोजतो, योग्य श्रवणयंत्र निवडून ते त्या कानासाठी जुळवतो आणि रुग्णाला पुन्हा ऐकण्याचा सराव देतो. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रशिक्षणार्थी वर्षासह चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम यासाठी असतो. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र आहे. सेवाभावी वृत्तीच्या आपल्या तरुण-तरुणींनी या व्यवसायाचा अवश्य विचार करावा.

तपासणी कशी होते?

आवाजबंद खोलीत रुग्णाच्या कानांवर हेडफोन लावतात. साधारणपणे २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यांतील ध्वनी हळूहळू लहान करीत ऐकवले जातात. रुग्णाने ऐकू आले की खूण करायची. त्यावरून निघणारा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. त्यानंतर कानामागील हाडावर कंपक ठेवून हीच चाचणी पुन्हा घेतात. हाडावाटे नीट ऐकू येत असेल आणि हवेतून येत नसेल, तर दोष बाह्य वा मध्यकर्णात, म्हणजे मळ, फुटलेला पडदा, वाहता कान यांत असतो आणि तो बहुधा उपचाराने दूर होतो. दोन्ही मार्गांनी सारखेच कमी ऐकू येत असेल, तर दोष अंतर्कर्णात वा श्रवणमज्जातंतूत असतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी सुमारे १५,००० असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत.

नवजात बालक खूण करू शकत नाही. त्याच्यासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत. बाळ झोपलेले असतानाच त्या होतात व दुखत नाहीत. जन्मानंतर एका महिन्यात प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निश्चित निदान आणि सहा महिन्यांत उपाययोजना असा क्रम तज्ज्ञ सांगतात. ही घाई अनाठायी नाही. मूल बोलायला शिकते ते ऐकून. पुष्कळदा ज्याला आपण मुके म्हणतो, त्याचा कंठ निर्दोष असतो. भाषाच त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. “याचे वडीलही उशिरा बोलले” या समजुतीत दोन-तीन वर्षे निघून गेली, तर ती परत मिळत नाहीत.

यवतमाळचे वास्तव

अमरावती धर्मप्रांतातील यवतमाळ जिल्हा हा कापसाचा प्रदेश. हंगामात जिनिंगमधील यंत्रांच्या घरघरीत मजूर तासन्‌तास उभे असतात. वणी भागात कोळशाच्या खाणी आहेत. अशा गोंगाटाने येणारे बहिरेपण दुखत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याची नोंद व्यावसायिक रोग म्हणून करण्यात आली होती, हे कामगारांनी जाणून घ्यावे आणि मालकाकडे कानांच्या संरक्षक साधनांची मागणी करावी.

दुसरी अडचण अंतराची. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. परंतु उमरखेडच्या माणसाला तेथे पोहोचण्यास शंभरेक किलोमीटर प्रवास करावा लागतो. श्रवणयंत्र एकदा घेऊन भागत नाही. ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागते, कानाचा साचा बदलावा लागतो. रोजगार बुडवून इतक्या फेऱ्या कोण करणार? मग यंत्र कपाटात जाते आणि “त्याचा काही उपयोग नाही” असा समज गावभर पसरतो.

आपण काय करू शकतो?

कानात तेल, काडी वा हेअरपिन घालू नये. वाहत्या कानाकडे दुर्लक्ष करू नये. गर्भवतीला रुबेला झाल्यास बाळ बहिरे जन्मू शकते, म्हणून मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस द्यावी. निकटच्या नात्यातील विवाहाने जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो, हेही ध्यानी ठेवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. आपल्या आशाताई वा अंगणवाडीसेविकेकडे चौकशी करावी. गरजूंना केंद्र शासनाच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

या सेवेचे नाते आपल्या इतिहासाशीही आहे. मुंबईचे जेझुइट बिशप लिओ म्यूरिन यांनी १८८० च्या दशकात तेथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील अशा आद्य शाळांत तिची गणना होते. त्या काळी ऑडिओग्राम नव्हता, यंत्रे नव्हती. ही मुले शिकू शकतात हा विश्वास मात्र होता.

आज साधने आहेत. धर्मग्रामातील एखाद्या तरुणाने आजीसोबत यवतमाळपर्यंत जावे, एखाद्या भगिनीने नव्या मातेला बाळाच्या कानांविषयी विचारावे, एवढे तर आपल्या हाती आहे. ऐकू न येणारा माणूस बहुधा तक्रार करीत नाही. तो हळूहळू बोलणे टाळतो, मग येणेही. त्याची जागा रिकामी होण्यापूर्वी आपण त्याच्याकडे जावे.