कर सारखा, भार वेगळा

धूर करणारे इंधन महाग केले की लोक ते कमी जाळतील, हा कार्बन कराचा साधा हिशेब. आपल्याकडे या नावाचा कर नाही; पण २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० झाला. कोळशाच्या एका युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे युनिटमागे पंचवीसेक पैसे. दहा हजारांत भागवणाऱ्या घराने १०० युनिट वापरले तर २५ रुपये. लाखाची मिळकत आणि एसी असलेल्या घराने ६०० वापरले तर १५०. रक्कम मोठ्या घराची जास्त, पण मिळकतीच्या मानाने लहान घरच जास्त देते. वर्गात शेकडेवारी शिकवताना आम्ही असेच हिशेब घालतो.

मिरकरवाड्यात मात्र खरा हिशेब डिझेलचा. मे २०२० मध्ये केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. हेतू तिजोरी भरण्याचा होता, हवा स्वच्छ करण्याचा नव्हे. स्वस्त झालेल्या कच्च्या तेलाचा फायदा त्यामुळे पंपापर्यंत आलाच नाही. एका फेरीला ३०० लिटर धरले तर हे ३,९०० रुपये होतात. शहरातला गाडीवाला एखादे दिवशी एसटीने जाईल. बोटीला दुसरी वाट कोणती?

जिथे वाट्याची पद्धत आहे, तिथे विक्रीतून आधी डिझेल आणि बर्फ वजा होतो, उरलेल्यात मालक, तांडेल आणि खलाशी. डिझेल महागले की खलाशाचा वाटा आपोआप घटतो. राज्य सरकार डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा देते, पण तो बोटमालकाच्या नावावर. परताव्यातला वाटा खलाशाच्या घरी जातो का, हे आपल्या मोहल्ल्यात उघडपणे विचारले पाहिजे. रिक्षाने टोपली नेणाऱ्या आपांना तर परतावाच नाही. आखातातून पैसा येणाऱ्या शेजारच्या घराला हीच वाढ जाणवतही नाही.

कॅनडाने २०१९ पासून इंधनावर असा कर घेतला, पण बरीचशी रक्कम कुटुंबांच्या खात्यात परत केली. मिळकत कितीही असो, परतावा माणसांच्या संख्येवर. त्यामुळे कमी जाळणाऱ्या लहान घराच्या हाती उलट थोडे उरत असे. तरीही नाराजी वाढली आणि एप्रिल २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांवरचा कर बंद झाला.

आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये कोळशावरचा उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. विजेच्या बिलावर ही ओळ वेगळी छापून येत नाही.