नव्या विमा-प्रतिनिधीचें पहिलें वर्ष

रविवारीं सकाळीं दहाच्या सुमारास दारावरची घंटा वाजते. घरांतला कर्ता पुरुष खिडकीच्या फटींतून पाहतो आणि आंत वळून हळूच म्हणतो, "विमावाला आहे, मी घरीं नाहीं म्हणून सांग." हा प्रसंग आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं घडला असेल. दाराच्या आंतल्या बाजूचा अनुभव आपणांस आहेच; मी आज बाहेरच्या बाजूचा सांगणार आहें. पस्तीस वर्षें मुलांना पाढे शिकवून मी २०१८ सालीं शाळेंतून निवृत्त झालों आणि हात रिकामे राहूं नयेत म्हणून विम्याची एजन्सी घेतली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. परंतु या धंद्याला तेवढें शिक्षण पुरतें. एका तासांत पन्नास प्रश्नांची उत्तरें द्यावयाची असतात, तीं दिलीं आणि उत्तीर्ण झालों. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. परवाना हातीं आला, पिशवी खांद्याला लावली. आतां जावें कोणाकडे?

विमावाल्याला पाहून लोक दार कां लावतात, याला थोडा इतिहास आहे. गेल्या शतकाच्याहि आधीं परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरावयास नाखूष असत, आणि उतरला तर गोऱ्या माणसापेक्षां जादा हप्ता घेत. १८७० सालीं मुंबईंत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली, तिनें हा भेद मोडला. पुढें आपल्या लोकांनींहि या धंद्यांत उडी घेतली. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ मध्यें वेस्टर्न इंडिया ही कंपनी काढली. परंतु पुष्कळ नव्या कंपन्यांबरोबर कित्येक बुडीत कंपन्याहि लोकांनीं पाहिल्या. अखेर १९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं नभोवाणीवरूनच देशाला कळविलें कीं, आयुर्विम्याचा धंदा सरकार आपल्या हातीं घेत आहे. दोनशें पंचेचाळीस संस्था एकत्र करून १ सप्टेंबर रोजीं आयुर्विमा महामंडळ उभें राहिलें. त्या दिवशीं आपला मराठवाडा हैदराबाद राज्यांतच होता. तो मुंबई राज्यांत आला त्यानंतर दोन महिन्यांनीं. १९९९ च्या कायद्यानें खाजगी कंपन्यांना पुन्हां वाट मोकळी झाली. त्यामुळें आज एकाच घराच्या दारावर निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, बँकेंतला कारकूनहि विमा पुढें करतो, आणि उरलें तें दूरध्वनीवरून येतें. माणसें कंटाळतात, यांत त्यांचा दोष काय?

नव्या प्रतिनिधीला वरिष्ठ पहिल्याच दिवशीं एक कोरी वही घ्यावयास सांगतात आणि तींत ओळखीच्या शंभर जणांचीं नांवें लिहवितात. मीं एकशें बारा लिहिलीं. चुलतभाऊ, साडू, व्याही, शाळेंतले सहकारी, औरंगपुऱ्यांतला पुस्तकवाला, कोणी सोडला नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत नऊ पॉलिसी झाल्या. मला वाटलें, या धंद्यांत कठीण तें काय? चौथ्या महिन्यांत वही संपली. लग्नसमारंभांत मी ज्या पंगतीला बसें, तेथून मंडळी उठून दुसऱ्या पंगतीला जाऊं लागलीं.

पुढें कळलें तें याहून वाईट. या नऊ जणांपैकीं बहुतेकांनीं विमा घेतलाच नव्हता. त्यांनीं मला वाटेस लावलें होतें. साडूंनीं तर स्पष्टच सांगितलें, "तुमचा शब्द मोडवेना म्हणून एक हप्ता भरला. आतां दरवर्षीं कोठून भरूं?" दुसऱ्या वर्षीं नवांतल्या चारच पॉलिसी चालू राहिल्या. भिडेखातर घेतलेल्या वस्तूची अशीच गत होते. आणि विमा ही तर वीस-वीस वर्षें विकत घेत राहण्याची वस्तू आहे.

आतां जें सांगतों तें सांगण्यास मला संकोच वाटतो. परंतु तें वगळलें तर या भाषणाला कांहीं अर्थ राहणार नाहीं. ज्या कंपनीचें काम मी करीत होतों तिची अट होती कीं, वर्षाकाठीं निदान बारा निरनिराळ्या माणसांचे विमे झाले पाहिजेत. २०२० च्या मार्चच्या आरंभीं माझे अकरा झाले होते. वाळूजच्या एका कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप, मला फार मानी. मीं त्याला वर्षाला अठरा हजार रुपये हप्त्याची बचतीची पॉलिसी दिली. त्याला झेपेल कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. मला बारावा हवा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी आली आणि ठेकेदाराचें काम थांबलें. पुढच्या मार्चमध्यें त्याला हप्ता भरतां आला नाहीं. सवलतीचे तीस दिवस निघून गेले, पॉलिसी बंद पडली. जुलैंत तो हृदयविकारानें गेला.

त्याची बायको कागद घेऊन आली. एकच हप्ता भरलेला, पॉलिसी बंद. मिळण्यासारखें कांहीं नव्हतें. ती रडली नाहीं, भांडलीहि नाहीं. एवढेंच म्हणाली, "गुरुजी, कागद तर तुम्हीच दिलता ना?"

श्रोतेहो, त्या तरुणाचा पगार बँकेंत जमा होत असे. २०१५ च्या मेमध्यें सुरू झालेली प्रधानमंत्री जीवनज्योति विमा योजना त्याच बँकेंत होती. वर्षाला तीनशें तीस रुपये खात्यांतून कापले गेले असते आणि त्या बाईला दोन लाख रुपये मिळाले असते. ही योजना मला ठाऊक होती. तिनें माझे बारा भरत नव्हते, म्हणून मीं तिचें नांव काढलें नाहीं.

त्यानंतर मीं एजन्सी सोडण्याचें मनांत आणलें होतें. सोडली नाहीं, पण वही फाडली आणि दुसरी घातली. तिच्यांत नांवांऐवजीं प्रसंग लिहूं लागलों. कोणाच्या घरीं मूल झालें, कोणीं सिडकोंत कर्ज काढून घर घेतलें, कोण भावाच्या धंद्यांत भागीदार झाला, कोणाला पक्की नोकरी लागली. ज्याच्या माथ्यावर नुकतीच जबाबदारी आली आहे, त्याला विम्याची गोष्ट काढली तर राग येत नाहीं. तो स्वतःच रात्रीं जागा राहून तोच विचार करीत असतो. अशा माणसाला आधीं शुद्ध मुदतविमा दाखवावा, वार्षिक उत्पन्नाच्या निदान दसपट रकमेचा. बचतीच्या गोष्टी मागाहून. प्रतिनिधीला त्यांत कमी मिळतें, हें खरें आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. वाळूजच्या कामगाराला पाळी सुटतांना फाटकावर गांठूं नये. त्याचें लक्ष बसकडे असतें. जाधववाडीच्या बाजारांत सकाळीं जाणाऱ्याला धक्के मिळतात, दुपारीं जाणाऱ्याला चहा मिळतो. गुलमंडी, शहागंज येथल्या दुकानदारांना जेवणानंतरचा एक तास मोकळा असतो. हें कोणत्याहि पुस्तकांत नाहीं, चपला झिजवूनच कळतें.

परंतु याहून महत्त्वाची वेळ हप्त्याची असते, आणि तिकडे नव्या प्रतिनिधीचें मुळींच लक्ष नसतें. वार्षिक हप्त्याची पॉलिसी ज्या महिन्यांत सुरू होते, त्याच महिन्यांत दरवर्षीं पैसे भरावे लागतात. प्रतिनिधीचा हंगाम मार्चअखेर. म्हणून तो सगळ्यांनाच मार्चमध्यें गांठतो. पगारदाराला तें एक वेळ चालतें, कारण तो प्राप्तिकराच्या हिशेबांत असतो. पण पैठणकडच्या कापूसवाल्याचें काय? त्याच्या हातांत पैसा येतो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. सिल्लोड-कन्नडकडचा मका दिवाळीच्या आगेंमागें विकला जातो. जूनमध्यें याच लोकांना बियाणें आणि खत यांसाठीं उसनवारी करावी लागते. जूनमध्यें विकलेली पॉलिसी पुढच्या जूनमध्यें मरणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको. कारखान्यांतल्या कायम कामगाराला दिवाळीचा बोनस मिळतो, त्याचा हप्ता तेव्हांच पडावा. रिक्षावाल्याला मासिक हप्ता सोयीचा आणि तोहि बँकेंतून परस्पर जाणारा. कारण मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस पंधराच असतात. म्हणून माझ्याकडे उन्हाळ्यांत शेतकरी आला, तर मी त्याला लहानसा मुदतविमा देतों आणि मोठ्या हप्त्याची गोष्ट कापूस विकेपर्यंत लांबणीवर टाकतों. वरिष्ठ रागावतात. रागावोत.

आतां उद्दिष्टाविषयीं. वर्षाचा आंकडा ऐकून नवा माणूस घाबरतो. त्याला उलट त्रैराशिक मांडावयास शिकविलें पाहिजे. माझ्या वहीप्रमाणें, दहा घरीं गेलों तर चार घरीं बसावयास सांगतात आणि एका ठिकाणीं काम होतें. मग वर्षाला चोवीस विमे हवे असतील, तर दोनशें चाळीस भेटी झाल्या पाहिजेत. सणवार, आजारपण सोडून अठ्ठेचाळीस आठवडे धरले, तर आठवड्याला पांच. रोज एक भेट, शनिवार-रविवार सुटी! इतकें हें सोपें आहे, पण तें जानेवारीपासून केलें तर. फेब्रुवारीपर्यंत स्वस्थ बसून मार्चमध्यें शंभर घरें पालथीं घालणारा माणूस मीं केलें तेंच करतो.

कांहीं प्रतिनिधी पहिल्या हप्त्यांतला आपला हिस्सा गिऱ्हाइकाला देऊं करतात. हा १९३८ च्या विमा कायद्याच्या एकेचाळिसाव्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्याचप्रमाणें अर्ज भरतांना तंबाखू, मधुमेह, रक्तदाब लपविण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला घराबाहेर काढावें. तीन वर्षें उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेतां येत नाहीं. पण मृत्यु तीन वर्षें थांबतोच असें नाहीं. आणि पॉलिसीचा कागद हातीं आल्यापासून तीस दिवसांत ती परत करतां येते, हें प्रतिनिधीनें आपण होऊन सांगावें. मी सांगतों, आजवर दोघांनींच परत केली.

नवीं गिऱ्हाइकें मला सर्वांत जास्त कोठून मिळालीं? बेगमपुऱ्यांतल्या एका गल्लींतून. तेथील एका वृद्ध बाईंचे यजमान वारले. त्यांची पॉलिसी फार जुनी. ज्यानें विकली तो प्रतिनिधी केव्हांच धंदा सोडून गेलेला. मला त्यांत एक पैसाहि मिळणार नव्हता. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, वारसाची ओळख, बँकेच्या पासबुकाची नक्कल, एवढेच कागद. पण दाखल्यावर नांव एक आणि पॉलिसीवर दुसरें. महापालिकेंत चार खेपा घातल्या. रक्कम खात्यांत जमा झाली तेव्हां बाईंनीं गल्लींत पेढे वांटले. त्या वर्षीं त्या गल्लींतून मला पांच विमे मिळाले, आणि एकालाहि मीं विमा घ्या म्हणून म्हटलें नव्हतें.

९ डिसेंबर २०२४ रोजीं पानिपत येथें महामंडळाच्या विमा सखी योजनेचा आरंभ झाला. अठरा ते सत्तर वर्षांच्या, दहावी झालेल्या स्त्रियांसाठीं ती आहे. कमिशनखेरीज पहिल्या वर्षीं दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षीं सहा आणि तिसऱ्या वर्षीं पांच हजार रुपये मिळतात. मात्र वर्षाला चोवीस जणांचे विमे व्हावे लागतात. योजनेंतली मला आवडलेली अट निराळीच आहे: पहिल्या वर्षींच्या पॉलिसींपैकीं शेंकडा पासष्ट चालू असल्या तरच दुसऱ्या वर्षींचे पैसे मिळतात. माझ्या पहिल्या नवांना ही कसोटी लावली असती, तर मी नापास झालों असतों.

सिडकोंत राहणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी विमा सखी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के कर गेला, तेव्हां "गुरुजी, आतां तरी लोक दार उघडतील," असें ती म्हणाली होती. परवां ती आपली वही दाखवावयास आली. प्रत्येक नांवापुढें तिनें हप्त्याचा महिना लिहिला होता: कोठें दिवाळी, कोठें संक्रांत, कोठें पगाराची तारीख. एका नांवापुढें जागा कोरी होती. तो तिच्या इमारतीचा रखवालदार, वय बेचाळीस, घरीं दोन मुली.

"यांना आपला कोणताच हप्ता झेपायचा नाहीं," ती म्हणाली. "त्यांचें बँकेंत खातें आहे. वर्षाला चारशें छत्तीस रुपयांचा तो सरकारी विमा आहे ना, त्याचा फॉर्म आज भरून देतें. पण तो माझ्या चोविसांत धरणार नाहींत, गुरुजी."

"नाहीं धरणार," मीं म्हटलें.

तिनें घड्याळाकडे पाहिलें, वही पिशवींत टाकली, आणि चहा तसाच ठेवून बँक बंद होण्याच्या आंत निघून गेली.