स्मारक कशाचे, कोणासाठी?

आमच्या अहिल्यानगरात स्मारकाचा विषय निघाला की चर्चा पुतळ्याच्या उंचीपाशी अडते. मला पहिला प्रश्न वेगळा वाटतो: तिथे येणाऱ्याला काय कळणार?

भुईकोट किल्ला घ्या. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव आदी नेत्यांना इथे स्थानबद्ध केले. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले; आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली बहुतेक पत्रेही इथलीच. म्हणजे स्मारक आयतेच आहे, नवे उभारायचे नाही. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात. तेव्हा सुरक्षा सांभाळून लोकांची ये-जा सुकर करणे, हेच इथले नियोजन.

चौंडीचे याच्या उलट. अहिल्यादेवी १७२५ साली तिथे जन्मल्या, पण त्यांचे काम घाट, मंदिरे, धर्मशाळांच्या रूपाने देशभर विखुरलेले. ते गावात समजावूनच सांगावे लागेल. ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. तरी ३१ मेची जयंतीची गर्दी ओसरल्यावर उरलेले ३६४ दिवस गावाला स्मारकाचा उपयोग काय, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर हवे. अहिल्यादेवींनी घाट बांधले ते लोकांना नदीत उतरता यावे म्हणून. त्यांची स्मारके झाली ती वापरातून.