रात्रीची नक्कल खरोखर निघते का?

वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली भागातील गाळ्यांत बिले, साठा आणि जीएसटीचा हिशेब आता संगणकावर असतो. कायद्याने हा हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. म्हणून जाणकार मालक रोज रात्री त्याची नक्कल काढण्याची सोय करून ठेवतात. मोफत मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीत हे काम ‘क्रॉन’ करतो. ठरलेली वेळ झाली की तो लिहून ठेवलेल्या सूचना, म्हणजेच स्क्रिप्ट, आपोआप चालवतो.

घोटाळा कोठे होतो ते पाहू. समजा, भाच्याने स्वतःच्या संगणकावर स्क्रिप्ट तयार केली आणि फाइल झटपट लहान करण्यासाठी त्यात ‘पिगझी’ हे सॉफ्टवेअर वापरले. हे सॉफ्टवेअर ऐच्छिक आहे आणि गाळ्यातील संगणकावर ते घातलेलेच नाही. रात्री स्क्रिप्ट चालते, पिगझी सापडत नाही, तरीही त्या तारखेची फाइल मात्र तयार होते. मालक सकाळी नाव पाहून निश्चिंत होतो. फाइल मात्र रिकामी, शून्य बाइटची! क्रॉन चुकीचा निरोप मेलने पाठवू पाहतो, पण मेल पोहोचवणारा प्रोग्रामही ऐच्छिकच. तो नसेल तर निरोप मालकापर्यंत येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. लागणारे सॉफ्टवेअर आहे की नाही, हे स्क्रिप्टने आधी ‘कमांड हायफन व्ही’ या आज्ञेने तपासावे. पिगझी असेल तर ते वापरावे, नसेल तर नेहमीचे ‘जीझिप’. डेबियन लिनक्सची नियमावलीही अशी तपासणी करण्यास सांगते, कारण सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्याची क्रॉन स्क्रिप्ट मागे राहू शकते.

क्रॉन प्रोग्राम मोजक्याच फोल्डरांत शोधतो, म्हणून हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री अडू शकते. त्यासाठी प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहावा.

मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. काम सोयीचे असेल तर स्क्रिप्टने ते मुकाट्याने सोडून पुढे जावे. हिशेबाच्या नकलेसारखे काम अडले तर मात्र तिने तेथेच थांबावे आणि मालकाला दिसेल अशी नोंद करावी.

व्यापारी बांधवांनी महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून एखादे जुने बिल काढून पाहावे. बिल निघाले, तरच नक्कल आहे असे समजावे.