कुंडावर उतरण्याआधी सिमला कुलूप

वज्रेश्वरीला देवीचं दर्शन झालं की पावलं अकलोलीकडे, तानसेकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात. कपडे, पाकीट, मोबाईल सगळं एकाच पिशवीत, काठावर. फोनला लॉक आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचा ओटीपी थेट त्याच्या हाती पडतो. त्यामुळे सिमला पिन लावाच. फोनच्या सेटिंगमध्ये ही सोय असते. सिमचा मूळ पिन अंदाजाने टाकू नका, सिम कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके क्रमांकाशिवाय उघडत नाही. चोरालाही तेच लागू.

मुक्काम केलात तर लॉजवर आधारची प्रत मागतात. शेवटचे ४ आकडेच दिसणारं ‘मास्क्ड आधार’ पुढे करा. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. तिथेच बोटांचे ठसे लॉक करता येतात, म्हणजे ठशावर कुणी पैसे काढू शकत नाही.

फोन गेलाच तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नका. सोबतच्या कुणाच्याही फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पोलिसांत तक्रार दिल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर हँडसेटही ब्लॉक करता येतो.