स्मरणशक्तीचे टॉनिक आणि मिटलेले पुस्तक

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. सिंदी मेघेतील माझ्या दवाखान्यात एक किराणा दुकानदार आपल्या मुलीला घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचते, पण ध्यानातच राहत नाही जी. काही टॉनिक-बिनिक लिहून द्या न." मुलगी बारावी झालेली. 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ३१८ गुण मिळाले, म्हणून एक वर्ष घरी राहून पुन्हा तयारी करीत होती. डोके दुखते, पित्त होते, सकाळी उठवत नाही, या तक्रारी. जाता जाता वडील म्हणाले, "यंदाचा हा शेवटचाच चान्स आहे. पुढच्या साली माझ्याच्यानं होत नाही." मुलगी खाली पाहत बसली होती.

वाचकहो, स्मरणशक्ती वाढवण्याच्या बाटल्या बाजारात भरपूर मिळतात. पालकांच्या समाधानासाठी मीही पूर्वी त्या लिहून देत असे, हे कबूल करतो. त्यामुळे कुणाचे गुण वाढल्याचे मला तरी कधी दिसले नाही. या वेळी मी बाटलीऐवजी रक्ततपासणी लिहून दिली. हिमोग्लोबिन निघाले ९.२. या वयाच्या मुलीत ते किमान १२ असावे. रक्त कमी असले की थकवा येतो, धाप लागते आणि वाचनात लक्ष लागत नाही. घरचे मात्र त्याला आळस म्हणतात. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात, म्हणून तीही तपासणी करून घेतली. ती निर्दोष निघाली, मगच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या आणि आधी-नंतर तासभर चहा प्यायचा नाही, असे बजावले. चहामुळे अन्नातले व गोळीतले लोह अंगी लागत नाही. ही मुलगी जागरणासाठी दिवसाला सहा कप चहा पीत होती. तिच्या पित्ताचे कारणही बरेचसे तिथेच होते.

पुढच्या खेपेला तिला पुस्तके घेऊन यायला सांगितले. पिशवीभर निघाली. भौतिकशास्त्राची तीन लेखकांची तीन पुस्तके, दोन वेगवेगळ्या क्लासेसच्या नोट्स, शिवाय मोबाइलवरची व्याख्याने वेगळीच. आणि सगळ्यांच्या तळाशी एनसीईआरटीचे जीवशास्त्राचे पुस्तक, अगदी कोरे करकरीत! 'नीट'च्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, म्हणजे निम्मे गुण. त्यांचा मुख्य आधार हेच पुस्तक, आणि तेच उघडलेले नव्हते.

"प्रकाशसंश्लेषण चार वेळा वाचलं," ती म्हणाली. नोट्सची पाने पिवळ्या पेनने रंगलेली होती. मी त्या मिटल्या, कोरा कागद दिला आणि आठवेल तेवढे लिही म्हटले. सहा ओळी झाल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

दोष तिच्या बुद्धीचा नव्हता. तेच पान पुन्हा वाचताना ते ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच पाठ होणे, असा आपला समज होतो. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी याचाच प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा लिहून काढणारे बरेच पुढे गेले होते. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागून करणे या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. ओळी रंगवणे व पुन्हा पुन्हा वाचणे खालच्या श्रेणीत गेले.

मला यात नवल वाटले नाही. माझ्या वेळी राज्यातले वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत, पण सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे. तीत विज्ञानाच्या विषयांसोबत गांधी विचारांचाही पेपर असे. त्याच्या नोट्स आम्हाला कुठेच मिळाल्या नाहीत. मग मी आणि माझा मित्र सायकलवर सेवाग्रामकडे जाताना एकमेकांना प्रश्न विचारत असू. माझा नंबर तिथे लागला नाही, पण त्यातले कितीतरी आजही आठवते. रसायनशास्त्र मात्र दहा वेळा वाचूनही उडून गेले.

त्या मुलीची पुस्तके आम्ही कमी केली. एनसीईआरटी, प्रत्येक विषयाचा एकच प्रश्नसंच आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एवढेच ठेवले. बाकीचे माळ्यावर. एक प्रकरण वाचायचे, पुस्तक मिटायचे, लिहून काढायचे, चुकले तेवढेच पुन्हा बघायचे. तेच प्रकरण तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. शिवाय चुकांची एक वही केली. या वहीने मलाच धडा दिला. तिच्या चुकांपैकी बऱ्याच चुका अज्ञानाच्या नव्हत्याच. 'अयोग्य विधान ओळखा' हे ती घाईत 'योग्य' असे वाचत होती! 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो, तेव्हा अशी चूक पाच गुणांना पडते. राज्याच्या सीईटीचे तंत्र निराळे. तिथे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये, आणि अभ्यास राज्य मंडळाच्या पुस्तकांवरून करावा. त्यातही बारावीचा भाग सुमारे ८० टक्के असतो.

झोपेवरून मात्र वडिलांशी वाद झाला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत चालते. "झोपली तर वाचन केव्हा?" हा त्यांचा प्रश्न. रात्री साडेदहाला दिवा बंद, एवढे महिनाभर करून पाहा, असे ठरले. आणखी एक. २०२५ ची 'नीट' ४ मे रोजी दुपारी २ ते ५ होती. मे महिन्यातली आपल्या वर्ध्याची दुपार कशी असते, हे वाचकांना सांगायला नको. रात्री वाचायची सवय असलेल्या मुलाचा मेंदू त्या वेळी पेंगत असतो. म्हणून मार्चपासून दर रविवारी बरोबर दोन वाजता, कूलर बंद करून, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला लावला. त्याआधी हलके जेवण आणि ताक.

पालकांनी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. मूल जेवेनासे झाले, बोलेनासे झाले, किंवा 'मी नसलेलो बरे' असे काही म्हणाले, तर त्याला रागावू नका, एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येते. या मुलीच्या वडिलांना मी बाजूला घेऊन 'शेवटचा चान्स' हे शब्द घरात पुन्हा काढू नका, असे सांगितले होते.

एप्रिलमध्ये हिमोग्लोबिन ११.८ झाले. त्या वर्षी भौतिकशास्त्राचा भाग अनेकांना जड गेला, तरी तिला ४३१ गुण मिळाले. याचे श्रेय किती वहीला, किती गोळ्यांना आणि किती झोपेला, हे मला सांगता येणार नाही. एमबीबीएसला नंबर लागला नाही. ती चार दिवस रडली, मग आयुर्वेदाला प्रवेश घेतला.

मध्यंतरी वडील धाकट्याला घेऊन आले होते. तो दहावीत आहे. "टॉनिक नको जी," ते म्हणाले, "पण फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो, ते जरा बघा." मी डोळे तपासले. चष्म्याचा नंबर निघाला.